ताईंच्या ओळी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी ताईंचं नाव घेतो. ठाण्यात कोपरीच्या एका लहान कंपनीत मी पहिली नोकरी केली, तिथे त्या माझ्या वरिष्ठ होत्या. आईवडिलांनी मला शिकवलं, मुरबाडच्या शाळेतल्या गुरुजींनी माझे परीक्षेचे फॉर्म स्वतःच्या हाताने भरले, ते उपकार फिटणारे नाहीत. पण ताईंच्या हाताखाली काढलेल्या त्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांनी मला जे दिलं, ते दुसऱ्या कुठे मिळालं असतं असं मला वाटत नाही. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने लहान असलेले साहेबसुद्धा. इथेही तेवढंच पुरे.

माझे वडील भातगिरणीत फिटर होते. ऐंशीच्या दशकात मी शाळेत होतो तेव्हा आमच्या घरात छापलेली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझी पाठ्यपुस्तकं. चुकून पुस्तकाला पाय लागला तर आई ते उचलून माझ्या कपाळाला टेकवायची. छापलेलं सगळं शहाण्या माणसांनी लिहिलेलं असतं, त्यात आपण हात घालायचा नसतो, हे मी तेव्हापासून धरून चाललेलो. कल्याणच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मग वर्षभर कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि नव्वदचं दशक संपत आलं असताना कोपरीतल्या त्या कंपनीत उमेदवार म्हणून लागलो. राहायला डोंबिवलीत कोपरला एका काकूंकडे पोटभाड्याने खोली घेतलेली.

कंपनी म्हणजे एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. साहेब, ताई, मी आणि दोन विक्रीवाले. आम्ही कॉम्प्युटर जुळवून विकायचो, पण साहेबांचा खरा जीव होता आमच्या सीडीत. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था फुकट मिळते आणि तिचा सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. आमची कंपनी परदेशातून आलेल्या लिनक्समधून नको ते काढून, मराठी छपाईची सोय घालून, लहान ऑफिसांसाठी स्वतःची सीडी तयार करायची. या व्यवस्थेचा गाभा म्हणजे कर्नेल. यंत्रातल्या प्रत्येक भागाशी बोलायचा अधिकार एकट्या कर्नेलला. आमच्या सीडीतलं कर्नेल ताईंच्या हातचं होतं.

ताई तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेल्या. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या. मुंबईत एका मोठ्या ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात वीस वर्षं काढून, तिथली नोकरी सोडून त्या आमच्याकडे आल्या होत्या. अकराला यायच्या, चारला जायच्या. नव्या आलेल्या माणसाला वाटायचं या साहेबांच्या कोणी नातेवाईक असतील. मग एखादं यंत्र अडलं की ताई खुर्ची ओढून बसायच्या, आणि त्या माणसाचा गैरसमज दूर व्हायचा.

त्यांची कामाची एक पद्धत होती. कर्नेलमध्ये काहीही बदल करायचा झाला की तो भाग आधी लांबलचक जोडकागदावर छापायचा, जमिनीवर पसरायचा, आणि उभं राहून मोठ्याने वाचायचा. तोही मराठीत. इंग्रजी खुणा आणि कंस यांचं बोलता बोलता मराठी करायचं. "जर दारात कोणी आलं, आणि घरात कोणी नसेल, तर नाव लिहून घे आणि परत पाठव." ज्याने लिहिलं त्याने वाचायचं, ताई डोळे मिटून ऐकायच्या. वाक्य अडखळलं की तिथे चूक आहे असं समजायचं. वाचून झाल्याशिवाय कंपाइल करायचं नाही, म्हणजे त्या मजकुराचं चालतं कर्नेल बनवायचं नाही. खालच्या गिरणीचा आवाज असायचा, त्यावर आवाज चढवून वाचावं लागे. पहिल्या आठवड्यात मला फार लाज वाटली. विक्रीवाले म्हणायचे, "चला, पोथी सुरू झाली."

मी एकदा त्यांना भाबडेपणाने विचारलं, "ताई, ही एकेक धागा तपासायची सवय तुम्हाला जाळी विणण्यावरून लागली असेल ना?"

"कोणाला? मला?" त्या म्हणाल्या. "अरे, मला मासा साफ करता येतो. जाळं विणता येत नाय. जाळं बाबा विणायचा, मी शाळेत जायची. हे मी ऑफिसात शिकले. आमचा एक प्रमुख होता, त्याला चष्म्याशिवाय दिसायचं नाय आणि चष्मा घालायची लाज वाटायची. मग आम्ही वाचून दाखवायचो."

माझी उमेदवारी सहा महिन्यांची होती. सहा महिन्यांनी कायम करायचं की घरी पाठवायचं ते साहेब ठरवणार होते. चार महिने झाले तेव्हा मुरबाडहून वडिलांचा निरोप आला. आमच्या शाळेत क्लार्कची जागा निघाली होती, हेडमास्तरांनी माझ्यासाठी ती धरून ठेवली होती. "पेन्शनची नोकरी आहे, घरचं खाऊन राहशील," वडील म्हणाले. मी त्यांना सांगितलं, सहा महिने होऊ देत. हेडमास्तर थांबायला तयार झाले, पण फार नाही.

त्याच सुमारास कल्याणच्या एका वाचनालयाचं काम आलं.

या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी, सगळे त्यांना काका म्हणत, हजारो मराठी पुस्तकांची यादी आणि सभासदांची देवघेव एका जुन्या प्रोग्राममध्ये भरलेली होती, तो चालायचा डॉसवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर. सगळी नोंद देवनागरीत, एका बोटाने, कित्येक वर्षं. ज्या प्राध्यापकांनी तो प्रोग्राम लिहून दिला ते आखातात गेले ते गेलेच. त्या काळी डॉसला मराठी दाखवता येत नसे. त्यासाठी यंत्रात एक वेगळं कार्ड बसवावं लागे, ते अक्षरं जुळवून पडद्यावर उमटवायचं. वाचनालयाला आता दोन टेबलांवरून एकाच यादीत काम करायचं होतं, आणि डॉसला ते जमण्यासारखं नव्हतं. साहेबांनी दोन नवी यंत्रं आणि आमचं लिनक्स विकलं, आणि शब्द दिला की जुना प्रोग्राम त्यातच चालेल.

"कोणाला विचारून सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही आहात म्हणून सांगितलं," साहेब म्हणाले.

ताईंनी मला समोर बसवून काम समजावलं ते मला आजही शब्दशः आठवतं. "तू पोटभाडेकरू आहेस ना? मग तुला पटकन कळेल. लिनक्स घरमालक. डॉस पोटभाडेकरू. पण या पोटभाडेकरूला कळता कामा नये की तो पोटभाडेकरू आहे. त्याला वाटलं पाहिजे, अख्खं घर माझं. त्याने नळ सोडला की पाणी आलं पाहिजे, दिवा लावला की लागला पाहिजे. करणार सगळं मालक, पण गुपचूप. या यंत्रांच्या चिपमध्ये तेवढी सोय आहे, कर्नेलमध्येही आहे. फक्त एक गोष्ट नाही. बेल."

"बेल?"

"ते मराठीचं कार्ड काम झालं की बेल वाजवतं. बेल वाजली की दार उघडतो मालक. त्याला हे कार्ड ठाऊक नाही, तो म्हणतो चुकीच्या घरी आलात, आणि दार लावतो. आत डॉस वाट बघत बसलाय. आपल्याला मालकाला शिकवायचंय, की अशी बेल आली तर आत हाक मार, तुझ्याकडे कोणीतरी आलंय."

मला हे सगळं अद्भुत वाटलं. एका यंत्रात दुसरं यंत्र असल्याचा भास तयार करायचा, ही कल्पना जगात नुकतीच कोणाला तरी सुचली असणार अशी माझी समजूत. ताईंना हसू आलं. मुंबईच्या त्यांच्या ऑफिसात खोलीएवढं एक यंत्र होतं. त्यावर एका वेळी कित्येक जण काम करायचे, आणि प्रत्येकाला त्या एका यंत्राच्या पोटात स्वतःचं अख्खं यंत्र मिळायचं. "आपापल्या यंत्राला आम्ही नावं ठेवलेली," त्या म्हणाल्या. "माझ्याचं नाव बोंबील होतं. तू पाटीवर धडे गिरवत होतास तेव्हा मी माझा बोंबील रोज बंद पाडत होते आणि शेजारणीच्या पापलेटाला काही होत नव्हतं."

कर्नेलच्या आत डॉसला बेल पोचवण्याचं काम परदेशातल्या एका माणसाने नुकतंच केलेलं होतं. त्याने ते इंटरनेटवर टाकलेलं. पण ते नव्या, चाचणीतल्या कर्नेलसाठी होतं, आमचं जुनं. त्याच्या बदलांचे एकूण चौदा तुकडे आमच्या कर्नेलमध्ये चौदा ठिकाणी बसवायचे होते. ताईंनी ते काम माझ्यावर सोपवलं. साहेब म्हणाले, "बघू या, मुरबाडचा गडी काय करतो ते. हे वाचनालय चाललं की तुझं पत्र तयार." म्हणजे कायम झाल्याचं पत्र.

आठ तुकडे जागच्या जागी बसले. पाच मी हाताने बसवले. त्यासाठी तीन आठवडे तो मजकूर पाठ झाल्यासारखा वाचला. तो परदेशी माणूस किती नेटकं लिहितो याचं मला कौतुक वाटत राहिलं. राहिला एक.

हा चौदावा तुकडा ज्या फाइलीत बसायचा होता ती प्रोग्राम संपतो तेव्हाच्या आवराआवरीची होती. आणि तिथेच, अगदी त्याच जागी, ताईंनी स्वतः लिहिलेल्या बावीस ओळी होत्या. एखादा प्रोग्राम बंद झाला की त्याची राहिलेली मराठी छपाई त्या आवरायच्या. वर त्यांचं छोटं टिपण होतं. नवा तुकडा बसवायचा तर त्या ओळी कापून पुन्हा मांडाव्या लागणार होत्या.

मी दोन दिवस ती फाइल उघडून नुसता बसलो. ताईंच्या ओळी मी कापायच्या? त्यांना जाऊन विचारायचं तर त्यांना वाटेल, याला माझ्या ओळींत खोट दिसते. शेवटी मी मनाची समजूत घातली. हा भाग प्रोग्राम संपल्यानंतरचा आहे, आपल्याला तर प्रोग्राम चालवायचाय. तो तुकडा मी बाजूला ठेवला. वाचनाच्या दिवशी तेरा तुकडे मोठ्याने वाचले, आणि चौदाव्याचा कागद छापलाच नाही. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. दोनदा थांबवलं, दोन चुका सापडल्या. शेवटी म्हणाल्या, "चांगलं वाचलंस. कंपाइल कर."

ऑफिसात सगळं नीट चाललं. दिवसभर प्रोग्राम उघडा ठेवला, मराठी अक्षरं झरझर उमटत राहिली. साहेबांनी विक्रीवाल्यांना बोलावून दाखवलं. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

कल्याणला यंत्रं बसवली तो दिवस मला पुरता आठवतो. काकांनी टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरून ठेवला होता. सकाळी साडेआठला वाचनालय उघडलं, बारापर्यंत दोन्ही टेबलांवर देवघेव झाली. काकांनी एका बोटाने पहिलं नाव टाइप केलं, पडद्यावर उमटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला संकोच वाटला. बाराला वाचनालय बंद झालं. कल्याणची जुनी रीत, बारा ते चार दुपारची सुट्टी. काकांनी दोन्ही प्रोग्राम शिस्तीत बंद केले, पंखे बंद केले, आणि मला घरी जेवायला घेऊन गेले.

चारला परत उघडलं. काकांनी प्रोग्राम सुरू केला, चौकट आली, आणि पुढे काही नाही. अक्षर उमटेना. दुसऱ्या टेबलावरही तेच. मी यंत्र बंद करून चालू केलं, प्रोग्राम चालला, तो एकदा बंद केला की पुन्हा मेला. ऑफिसात आम्ही तो कधी बंद करून परत उघडलाच नव्हता. तोवर टेबलासमोर आठ-दहा जण जमले. पुस्तक बदलायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "काय काका, तुमचा कॉम्प्युटर दुपारचा झोपला वाटतं?"

"आमच्याच वाचनालयाचा आहे," काका म्हणाले. "बारा ते चार सवय लागायचीच."

लोक हसले. काकांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि तिच्यात नोंदी लिहायला सुरुवात केली. मी कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानातून ऑफिसला फोन लावला. ताई त्या दिवशी थोड्या उशिराने निघायच्या बेतात होत्या.

मी काय होतंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रोग्राम मेला तरी बेल त्याच्याच नावावर आहे. मालक मेलेल्या भाडेकरूला हाका मारतोय. बेल त्याच्या नावावरून सोडायचा तुकडा कुठाय?"

मी दुकानातल्या मीटरचे फिरणारे आकडे बघू लागलो.

"अरे, फोनचे पैसे चाललेत तुझे. किती तुकडे बसवलेस?"

"तेरा."

"आणि चौदावा?"

"तिथे तुमच्या ओळी होत्या, ताई."

मला वाटलं त्या ओरडतील. "तिथेच थांब," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सव्वापाचला त्या वाचनालयात आल्या. काकांना नमस्कार केला, चपला दाराशी काढल्या, माझ्याशेजारी खुर्ची ओढली. सगळ्यांच्या देखत मी त्यांची फाइल उघडली. "ही ओळ निवड. इथून खालपर्यंत. आता काप."

मी ओळी निवडल्या आणि त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्या ओळी काय देव्हाऱ्यात मांडल्यात? अरे, त्या मी एका दुपारी घाईत लिहिल्यात. काप म्हटलं ना."

मी कापल्या. पडद्यावर तिथे एक रिकामी जागा झाली. मग त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. आधी त्यांची छपाई आवरणारी व्यवस्था पुन्हा मांडली, तिच्याखाली बेल सोडायचा चौदावा तुकडा. जोडकागद नव्हता, म्हणून पडद्यावरूनच मला मोठ्याने वाचायला लावलं. पेपर वाचत बसलेले दोन-तीन म्हातारे पेपर खाली ठेवून ऐकू लागले. "जर भाडेकरू गेला, तर आधी त्याची छपाई आवर, मग त्याच्या नावावरची बेल सोड, आणि घर मोकळं कर." त्यातले एक आजोबा म्हणाले, "हे कोर्टात पण असंच असतं. फक्त तिथे वीस वर्षं लागतात."

कंपाइल व्हायला पाऊण तास जाणार होता. तेवढा वेळ ताई काकांच्या दुसऱ्या टेबलावर बसल्या आणि वहीत देवघेव लिहू लागल्या. जणू रोजचंच काम. एका मुलीने दोन पुस्तकं मागितली तर म्हणाल्या, "एकच मिळेल. यंत्र दुरुस्त झालं की दुसरं. या दादाला सांग लवकर कर म्हणून." मी ते बघत होतो. माझ्या चुकीमुळे त्या तिथे बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही तसं दिसत नव्हतं.

नवं कर्नेल चढवलं. प्रोग्राम उघडला, बंद केला, उघडला, बंद केला. काकांनी स्वतः वीस वेळा केलं. चाललं. दुसऱ्या यंत्रातही तेच घातलं. वहीतल्या नोंदी यादीत चढवून मगच आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. "काल वाचनालयातून फोन आलेला. काय झालेलं?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "याने एक तुकडा बसवलाच नव्हता. माझ्या ओळी कापायला घाबरला."

"आणि तुम्ही बघितलं नाही?"

"वाचलं तेवढं ऐकलं. न वाचलेलं मला ऐकू कसं येणार? पुढच्या वेळी पानं मोजून घेईन."

"मग याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? ठेवायचं. बाकीचे तेरा कोणी बसवले, तुम्ही?"

साहेब हसले नाहीत. सहा महिने संपल्यावर आणखी दोन महिने बघू, म्हणाले. "मला माणूस असा हवा की जो ताई नसल्या तरी काम करेल. त्या काही जन्मभर कोपरीत बसणार नाहीत." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते लागलं.

उमेदवारीचे सहा महिने उलटून पुढचे दोनही संपत आले. शाळेचे हेडमास्तर आता थांबायला तयार नव्हते. येत्या सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवा, असं त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्याच सोमवारी आमच्या नव्या सीडीची मूळ प्रत नकला काढायला जायची होती. वाचनालयाचं काम बघून दोन दवाखाने आणि एक शाळा आमच्याकडे आली होती, त्यामुळे डॉसला पोटात घेणारं हे कर्नेल आता सगळ्यांसाठी सीडीत जाणार होतं. आणि ताई तीन आठवडे सुट्टीवर निघाल्या होत्या. करंजाला बहिणीच्या मुलीचं लग्न होतं.

निघायच्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं. "ताई, मी काय करू? शाळेत जाऊ की राहू?"

"मला विचारू नकोस."

"तुम्ही म्हणाल तसं करीन."

"म्हणूनच विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी राहा म्हटलं आणि साहेबांनी काढलं, तर माझ्या नावाने बोटं मोडशील. जा म्हटलं तर तिथे शाळेत बसून मोडशील. माझं लग्नाचं जेवण तरी नीट पचू दे." आणि पिशवी सावरत खाली उतरून गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी सीडीची शेवटची चाचणी घेत होतो. ऑफिसातल्या प्रिंटरची वायर विक्रीवाल्याने सहज काढून ठेवलेली. मी डॉसचा प्रोग्राम बंद केला, आणि यंत्र थिजलं. पुन्हा तसंच. वायर लावली की सगळं ठीक. दुपारभर मी ती फाइल छापून, जमिनीवर पसरून, मोठ्याने वाचली. खोलीत मी एकटाच. साहेबांनी दारातून डोकावून विचारलं, "कोणाशी बोलतोयस रे?" तिसऱ्यांदा वाचताना वाक्य अडखळलं. ताईंच्याच ओळींत.

करंजाला त्यांच्या बहिणीकडे फोन नव्हता. सोमवारपर्यंत मध्ये दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आणि सोमवारी मी काय केलं, ते ताईंना पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही. त्या परत आल्या तेव्हा लग्नाचे लाडू सगळ्यांना वाटले, मग ती फाइल जमिनीवर पसरली आणि या वेळी स्वतः उभं राहून मोठ्याने वाचली. मी डोळे मिटून ऐकलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुंडाळून कपाटात ठेवला आणि मला पुढचं काम सांगितलं. पत्राचा कच्चा खर्डा माझ्याजवळ राहिला होता. तो हा असा:

आदरणीय ताई,

नमस्कार. लग्नघरात पत्र पाठवतोय, माफ करा. वाट न बघता सांगायला हवं असं वाटलं म्हणून लिहितो.

वाचनालयात आपण त्या फाइलीत जो क्रम ठेवला, आधी छपाई आवरायची आणि मग बेल सोडायची, तो चुकीचा आहे. प्रिंटर बंद असला की तुमच्या ओळी त्याची वाट बघत थांबतात आणि बेल सोडायची पाळीच येत नाही. काकांकडे प्रिंटर नाही, त्यामुळे छपाईची व्यवस्था तिथे चालू केलेली नव्हती, म्हणून आपल्याला दिसलं नाही. दवाखान्यांत प्रिंटर आहेत आणि ते दिवसभर बंदच ठेवतात.

मी क्रम उलटा केला आहे. तुमच्या बावीस ओळींपैकी वाट बघणाऱ्या तीन काढून टाकल्या आहेत. त्यांची गरज मला दिसली नाही. वर तुमचं जे टिपण होतं त्यात बदल करून खाली तारीख घातली आहे. तुम्हाला विचारता आलं नाही. फोन असता तर मी विचारलं असतं, हेही खरं सांगतो. पण आता वाटतं नव्हता ते बरं झालं.

शनिवारी मुरबाडला गेलो होतो. वडिलांना सांगितलं की मी शाळेत येणार नाही. त्यांनी विचारलं, तुझ्या ताई काय म्हणतात. मी म्हटलं, त्यांनी सांगायला नकार दिला. मग कोणाला विचारलंस, म्हणाले. कोणालाच नाही, म्हटलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, मग हेडमास्तरांना तूच जाऊन सांग, मी नाही सांगणार. मी गेलो आणि सांगितलं. हेडमास्तर नाराज झाले. वडील अजून नीट बोलत नाहीत, आईने मात्र येताना तांदूळ बांधून दिले.

आज सकाळी सीडीची प्रत दिली. देताना साहेबांना सगळं सांगितलं, ताईंच्या ओळी काढल्यात आणि त्यांना माहीत नाही, असं. साहेबांनी विचारलं, आणि त्यांना पटलं नाही तर? मी म्हटलं, तर त्या मला वाचून दाखवायला सांगतील, मी वाचीन. साहेबांनी स्वतः प्रिंटरची वायर काढून प्रोग्राम चार वेळा बंद करून बघितला. दुपारी त्यांनी कायम केल्याचं पत्र हातात दिलं.

शाळेला नकार शनिवारी कळवला आणि पत्र सोमवारी मिळालं, हा क्रम तुम्हाला मुद्दाम सांगतोय. शनिवारी मला पत्राची काहीच खात्री नव्हती. तुम्ही जिन्यात उत्तर दिलं असतं तर मी तेच केलं असतं, आणि ते माझं झालं नसतं. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही.

फाइलीचा छापील कागद तुमच्या टेबलावर ठेवला आहे. माझ्याकडून काही राहिलं असेल तर पेन्सिलने खूण करा. पानं सात आहेत, मोजून घ्या.

बहिणीच्या घरी सगळ्यांना नमस्कार.

आपला